पावलांच्या खुणेवर

मालवणात, धक्क्याच्या अलीकडे,
बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात
आता नजरबंदीचं दालन झालंय.
माणशी दोनशे. चपला बाहेर.
मी म्हटलं, तुम्ही या जाऊन, मी बसतो गाडीत,
मला काय दिसणार त्यात.
त्रिशलानं तिकिटं आधीच काढलेली, मोबाईलवर, तिन्ही.

आत रंगाच्या वासाखाली
अजून जुनी माशांची ओल.
तिथं लवू तारी. पूर्वी इथंच लाद्या फोडायचे,
आता कुठं उभं राहायचं ते सांगतात.
जमिनीवर पिवळी दोन पावलं रंगवलेली.
'हंयसर उभे रवा. आता एक डोळो मिटा. आता बघा.'

आणि भिंतीतून जबडा बाहेर येतो.
'मोरी,' ते म्हणतात.
आमच्या इचलकरंजीत मोरी म्हणजे
भांडी घासायची जागा,
इथं तिला तीन रांगा दात.
पद्मा तिच्या तोंडात हात घालून हसते,
त्रिशला फोटो काढते, पुन्हा काढते,
पुण्याहून आलेलं एक लग्नाळू जोडपं
एकमेकांना चिमटीत धरतं.
सगळे एक डोळा मिटलेले.
सगळ्यांचे चेहरे अर्धे आवळलेले,
लिंबू चाटल्यासारखे.

मी चोवीस वर्षांचा होतो
तेव्हा मागावरून धोटा उडाला.
लोक म्हणाले, निम्मं जग गेलं रे पोराचं.
जग तेवढंच राहिलं.
गेली ती त्याची खोली.
तेव्हापासून पायरी म्हणजे एक रेघ,
समोरून येणारी मोटारसायकल
नुसती मोठी होत जाणारी मोटारसायकल,
आणि तांब्यातलं पाणी पेल्याच्या कडेवर.
देवळात कुणी कीर्तनकार म्हणाले,
आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.
मी हिशेब केला, माझा कुठंच बसेना.

पुढच्या दालनात जमीन फाटलेली.
खाली दरी, दरीत नदी,
नदीवर एवढीशी होडी, वर एकच फळी.
मुलं त्या दरीवरून पळत गेली.
पद्मासुद्धा गेली, साडी उचलून, उगाच.
मी थांबलो.
रंग आहे, हे मला माहीत होतं.
तरी अंगठा पुढं केला, टेकवून पाहिला,
जसा घरच्या उंबऱ्यालाही रोज टेकवतो,
तेहतीस वर्षं.

लवू तारींनी पाहिलं.
जवळ आले. माझ्या डाव्या डोळ्याकडे,
काचेच्या, जरा जास्तच पांढऱ्या, बघितलं,
काणाडोळा केला नाही.
'तुमका मिटूची गरज नाय,' म्हणाले,
सवलतीचं तिकीट दिल्यासारखं.
'हंय पावलांचीय गरज नाय. खंयसूनय बघा.'
मग स्वतःच जरा विचार करून:
'बर्फात पण तसाच. लादी केदी जाड ता
हातान चाचपल्याबिगर कळा नाय.'

खरंच मी खुणा सोडून फिरलो.
कोपऱ्यातून, दारातून, खांबामागून.
चित्रं थोडी वाकडी झाली,
पण पैसे देऊन आलेल्यांना
ठरल्या जागेवरून, गाल आवळून जे दिसत होतं
ते मला फुकट, चालता चालता.
राग आला की हसू, आठवत नाही.
दोन्ही एकाच अंतरावर होती.

बाहेर उन्हात कोकम सरबत घेतलं.
समोर समुद्रात किल्ला,
आभाळावर चिकटवलेला.
त्रिशला बराच वेळ गप्प होती.
मग तिनं डावा डोळा मिटला
आणि ग्लासाकडे हात नेला.
बोटं चार बोटं अलीकडे, हवेवर मिटली.
पुन्हा नेला. ग्लास आडवा.
लाल सरबत टेबलभर, तिच्या पांढऱ्या ओढणीवर.

पद्मा ओरडली, अगं लक्ष कुठंय तुझं,
कोकमाचा डाग जात नाही.
त्रिशलानं डोळा तसाच मिटून ठेवला,
आणि चाचपत
टेबलाची कड शोधत राहिली.